उंदराच्या डोळ्यातली उलटी मांडणी

मराठवाड्यात रब्बीच्या हंगामात शेतीची लाईट कितीदा तरी रात्रीचीच येते. गव्हाला पाणी द्यायला गेलेला माणूस बॅटरीच्या उजेडात दारं धरत असतो, आणि उंदीर मात्र बिनबॅटरीचा बांध ओलांडून ओंब्यांपर्यंत पोचलेला असतो. नाक आणि मिशा त्याच्या मदतीला असतातच. पण त्याच्या दृष्टिपटलातही, म्हणजे डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातही, एक करामत आहे, आणि ती कळायला आधी डीएनएची घडी कशी घातली जाते हे पाहावं लागतं.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए तोच, साधारण दोन मीटर लांबीचा. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी वेगळी होते ती कोणती जनुकं वाचायला मोकळी ठेवली यावरून. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये चालू प्रकरणांचे कागद टेबलावर आणि बाकीचे रुमालात गच्च बांधून ठेवलेले असतात, तसंच काहीसं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनांवर किंवा थेट डीएनएवर छोट्या रासायनिक खुणा लागतात आणि त्या जनुक उघडं राहणार की बंद हे ठरवायला मदत करतात. मजकुराला हात न लावता चालणारा हा कारभार म्हणजे एपिजेनेटिक्स.

गर्भात दृष्टिपटल तयार होतं ते मेंदूच्याच बाहेर आलेल्या फुगवट्यातून. सुरुवातीच्या एकसारख्या दिसणाऱ्या पेशींपासून सहा प्रकारचे चेतापेशी आणि म्युलर नावाच्या आधारपेशी घडतात, त्याही ठरलेल्या क्रमानं: मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी सर्वांत आधी, म्युलर पेशी शेवटी. प्रत्येक पेशी आपल्या वाटेला लागली की तिच्या कामाची जनुकं उघडतात, आणि दुसऱ्या वाटांची एकेक करून बंद होतात.

आता उंदराकडे. अंधुक उजेडात काम करतात त्या दंडपेशी, आणि उंदराच्या प्रकाशग्राही पेशींत सुमारे ९७ टक्के त्याच. बहुतेक पेशींच्या केंद्रकात गच्च बांधलेला, बंद डीएनए कडेला चिकटलेला असतो आणि मोकळा डीएनए आत. आपल्या दंडपेशीतही असंच आहे. उंदराच्या दंडपेशीत मात्र सगळं उलटं: बंद डीएनएचा एकच गोळा मधोमध, मोकळा भाग भोवती. म्युनिकच्या इरिना सोलोवेई, बोरिस जोफे आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे निशाचर सस्तन प्राण्यांचं वैशिष्ट्य असल्याचं दाखवलं. जन्माच्या वेळी उंदराचंही केंद्रक नेहमीसारखंच असतं. नंतरच्या काही आठवड्यांत बंद डीएनएला कडेला धरून ठेवणारी प्रथिनं नाहीशी होतात आणि तो आत गोळा होतो.

याचा फायदा काय? डोळ्यात शिरलेला प्रकाश दृष्टिपटलाच्या थरांतून आरपार जाऊन मागच्या टोकाला टिपला जातो. वाटेत दंडपेशींच्या केंद्रकांच्या रांगाच्या रांगा आडव्या येतात. उलट मांडणीचं केंद्रक चिमुकल्या भिंगासारखं वागतं, प्रकाश कमी विखुरतो. म्हणजे इथं डीएनएच्या घडीचा उपयोग जनुकांच्या पलीकडे, थेट प्रकाश वळवायला झाला! मला तरी जीवशास्त्रात याहून भन्नाट गोष्ट क्वचितच भेटली आहे.

हाच कारभार डोळा मिटवूही शकतो. मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांतल्या आंधळ्या माशांत डोळा बनायला लागतो आणि काही दिवसांत खंगतो. २०१८ च्या एका अभ्यासात डोळ्याच्या कितीतरी जनुकांवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा जादा लागून ती बंद पडलेली आढळली.

माणसासाठी खरी आशा म्युलर पेशींत आहे. झेब्राफिश या माशाचं दृष्टिपटल दुखावलं तर याच पेशी नवे चेतापेशी बनवतात, सस्तन प्राण्यांत बनवत नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींत एएससीएल१ हे जनुक चालू केलं आणि सोबत हिस्टोनांची घट्ट बांधणी सैल करणारं औषध दिलं. इजा झालेल्या त्या दृष्टिपटलात काही नवे चेतापेशी तयार झाले, जुन्यांशी जोडले गेले, प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागले. औषधाशिवाय नुसत्या जनुकानं प्रौढ उंदरांत हे साधलं नव्हतं. अर्थात हे प्रयोगशाळेतले उंदीर. याच्या जोरावर कुणी आज दृष्टिपटल नवं करून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नयेत.