डिझेलनं धुतलेलं इंजिन

पोळा-दसरा आला की गावोगावी मोटरसायकली धुणं निघतं, आणि कोणीतरी सांगतोच : 'इंजिन गरम असतानाच पेट्रोल नाहीतर डिझेल मार, ग्रीस झटक्यात सुटते.' सुटते, हे खरं. पण पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. तापलेल्या सायलेन्सरजवळ एक ठिणगी पुरे. डिझेल तसं भडकत नाही, मात्र मागे तेलकट थर सोडतं. पांदणीतली काळ्या मातीची धूळ त्यावर बसते अन् इंजिनच्या पात्या लिंपल्यासारख्या होतात. एअर-कूल्ड इंजिन या पात्यांवरून जाणाऱ्या हवेवरच थंड होतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात पात्या बुजणं म्हणजे इंजिन तापवणंच. शिवाय रबरी नळ्या फुगतात, ते वेगळं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एअर फिल्टर आणि सायलेन्सरचं तोंड पिशवीनं बांधा. भांड्याच्या साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, दहा मिनिटं भिजवणं. चिवट ग्रीसला डीग्रीजर, म्हणजे ग्रीस काढायचं तयार द्रावण. ब्रेकवर काही उडू देऊ नका. रॉकेल चेन पुसायला ठीक, इंजिनला नको.

आठवड्यात तेल पुन्हा दिसलं तर धुणं थांबवा. गॅस्केट किंवा ऑइल सील गळतंय, मेकॅनिकला दाखवा.