नेव्हर्स, अर्नी
अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आधी विद्यापीठात आणि मग व्यावसायिक संघांत खेळलेला अमेरिकन खेळाडू. जन्म मिनेसोटा राज्यातील विलो रिव्हर गावचा. शिक्षण कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात.

दोन खेळांतून कमाई शक्य होई ती मोसमांमुळे. बेसबॉल एप्रिल ते सप्टेंबर चाले आणि तो संपतो न संपतो तोच फुटबॉल सुरू होऊन वर्षअखेरपर्यंत जाई. अंगाला मात्र उसंत मिळत नसे.

स्टॅनफर्डचे प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनीच आधी जिम थॉर्प या गाजलेल्या खेळाडूला घडवले होते. वॉर्नरच्या रचनेत मधला खेळाडू वाकून, पायांमधून चेंडू थेट मागच्या फुलबॅककडे टाकी. नेव्हर्स फुलबॅक असल्याने मुसंडी मारणे, पास फेकणे, लाथेने चेंडू लांब धाडणे ही सगळी कामे त्याच्या गळ्यात. मनाला येईल तेव्हा बदली खेळाडू उतरवण्याची मुभा त्या काळच्या नियमांत नव्हती. त्यामुळे बचावालाही तोच.

१९२४ च्या मोसमात त्याचे दोन्ही घोटे दुखावले. १ जानेवारी १९२५ च्या रोझ बोल या विद्यापीठ संघांच्या मानाच्या सामन्यासाठी वॉर्नरने अॅल्युमिनियमचा पत्रा आणि टायरच्या ट्यूबचे रबर वापरून घोट्यांना आधार तयार केले. नेव्हर्स पूर्ण ६० मिनिटे खेळला, ३४ वेळा चेंडू घेऊन धावला आणि ११४ यार्ड काढले. स्टॅनफर्ड तरीही नोत्र दामकडून १०-२७ हरले. नेव्हर्सचे दोन पास नोत्र दामच्या एल्मर लेडनने मध्येच झेलले आणि दोन्ही वेळा थेट गोलरेषेपलीकडे नेले. घोट्यांची कथा रंगवून सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो.

१९२६ मध्ये तो सेंट लुइस ब्राउन्सकडून बेसबॉल खेळू लागला आणि त्याच वर्षी १५,००० डॉलर व तिकीटविक्रीतला वाटा अशा बोलीवर डुलुथ एस्किमोज या फुटबॉल संघात गेला. संघाचा मालक ओले हॉग्सरुड हा त्याचा शाळासोबती. गर्दी खेचायची तर नेव्हर्सला गावोगाव फिरवायला हवे, हा त्याचा हिशेब. प्रदर्शनीय सामने धरून त्या मोसमात संघ २९ सामने खेळला, त्यांतले २८ बाहेरगावी. एकूण १,७४० मिनिटांपैकी नेव्हर्स १,७१४ मिनिटे मैदानावर होता.

बेसबॉलमध्ये त्याची कामगिरी बेताचीच. उजव्या हाताचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) म्हणून १९२६ ते १९२८ या काळात ४४ सामने, त्यांत त्याच्या नावावर ६ विजय आणि १२ पराभव. १९२७ मध्ये बेब रूथ या नामवंत फलंदाजाने मारलेल्या विक्रमी ६० होम रनांपैकी (सहसा थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) दोन, आठवा आणि एकेचाळिसावा, नेव्हर्सच्या चेंडूंवरचे. पिचरच्या खांद्याला हिवाळ्यात विश्रांती लागते. नेव्हर्स तेव्हा त्याच खांद्याने बचावफळी फोडत असे. निव्वळ बेसबॉल खेळला असता तर तो कुठवर गेला असता, हे सांगणे म्हणूनच अवघड.

पाठीच्या दुखापतीने १९२८ चा फुटबॉल मोसम हुकला. पुढच्या वर्षी तो शिकागो कार्डिनल्सकडे गेला. २८ नोव्हेंबर १९२९ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, कॉमिस्की पार्कवर गाठ पडली ती शिकागो बेअर्सशी. त्या संघात त्या काळचा गाजलेला खेळाडू रेड ग्रेंजही होता. कार्डिनल्सने ४०-६ असा विजय मिळवला आणि चाळीसच्या चाळीस गुण एकट्या नेव्हर्सचे. सहा टचडाउनांचे (चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याचे) प्रत्येकी सहा प्रमाणे ३६, त्यानंतरच्या एकेका गुणाच्या जादा किकांपैकी चार साधल्या, त्यांचे ४. धावून केलेल्या सहा टचडाउनांची बरोबरी २०२० मध्ये अल्विन कमारा या खेळाडूने केली. एका सामन्यात एका खेळाडूने केलेल्या ४० गुणांचा विक्रम मात्र त्यानंतरही नेव्हर्सकडेच राहिला.

१९३० व १९३१ मध्ये तो कार्डिनल्सचा खेळाडू आणि प्रशिक्षकही होता. १९६३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत) निवडलेल्या पहिल्या तुकडीत थॉर्प आणि ग्रेंजबरोबर त्याचेही नाव होते. ३ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.