आधीचं ऐकत नवं वाजवणं: घरगुती मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो 'कोणतं सॉफ्टवेअर?' आणि लगेच दुसरा, 'ट्रॅक किती मिळतात?' ट्रॅक मोजायची ही सवय टेपच्या जमान्यातली. तेव्हा ती रास्तच होती, कारण ट्रॅक संपले की जागा संपली. पण मल्टिट्रॅकची, म्हणजे एकेक वाद्य किंवा गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर (पट्ट्यावर) घेऊन नंतर एकत्र करण्याची, मूळ अडचण पहिल्यापासून वेगळीच आहे: आधी वाजवलेलं ऐकत, त्याच्याशी लय जुळवून नवं वाजवता आलं पाहिजे.

गिटारवादक लेस पॉल १९४०च्या दशकात हे तबकड्यांवर करत. एक तबकडी लावायची, तिच्या साथीला स्वतः वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचं. १९४९मध्ये त्यांना अँपेक्स कंपनीचं टेप मशीन मिळालं. त्यात एक जादा हेड (टेपवर आवाज उतरवणारा किंवा तिच्यावरून ऐकवणारा भाग) बसवून त्यांनी हीच युक्ती टेपवर आणली. पण त्यात नवा थर जुन्यातच मिसळून जाई. शेवटच्या थराला चूक झाली की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

प्रत्येक वाद्याला टेपवर स्वतंत्र पट्टा दिला की हे टळतं, पण तिथे दुसराच पेच पडतो. मुद्रण करणारं हेड आणि ऐकवणारं हेड शेजारी असले तरी एका जागी नसतात. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते असं धरा. दोन हेडमध्ये ५ सेंटिमीटर अंतर असेल तर नवा ट्रॅक जुन्यापेक्षा सुमारे १३० मिलिसेकंद मागे पडेल. एवढ्यात ताल पार विस्कटतो. अँपेक्सने १९५०च्या दशकात यावर 'सेल-सिंक' काढलं: जुने ट्रॅक मुद्रण करणाऱ्या हेडवरूनच ऐकवायचे. त्यातून येणारा आवाज जरा बोदा असे, पण साथ करण्यापुरता चाले. अंतिम मिश्रणासाठी नेहमीचं हेड होतंच. १९५७मध्ये लेस पॉल यांच्याकडे आठ ट्रॅकचं मशीन पोहोचलं. संपूर्ण इतिहासात मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हा सेल-सिंकचाच उपाय.

घरापर्यंत हे यायला वेळ लागला. १९७०च्या दशकात टीॲकची चार ट्रॅकची रीळ मशीन आली आणि १९७९मध्ये टास्कॅमचा पोर्टास्टुडिओ: साधी कॅसेट, दुप्पट वेग, चार ट्रॅक आणि मिक्सर एकाच पेटीत. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवून जागा मोकळी करायची. दर वेळी टेपची सळसळ वाढे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२चा 'नेब्रास्का' असाच घरी चार ट्रॅकवर रेकॉर्ड केला. ते कच्चे नमुने होते. पुढे तेच अल्बम म्हणून निघाले.

१९९२च्या अलेसिस एडॅट या मशीनने व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक दिले. त्याच सुमारास प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरसाठीच्या स्वतःच्या खास कार्डांसह आलं, आणि १९९६च्या क्यूबेस व्हीएसटीने तेच काम साध्या कॉम्प्युटरवर आणलं. ट्रॅकची टंचाई लवकरच मिटली.

आवाज मागे पडण्याची जुनी फट मात्र नव्या नावाने परतली: लेटन्सी. आवाज कॉम्प्युटरमध्ये तुकड्यातुकड्यांनी जातो. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं (नमुने) आणि एका तुकड्यात २५६ नमुने, म्हणजे २५६चा बफर, असेल तर एका वाटेला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, आणि परतीचे तेवढेच वेगळे. बफर १,०२४ केला तर एकाच वाटेला २१. मागे पडलेला ट्रॅक सॉफ्टवेअर मागाहून जागेवर सरकवू शकतं. पण गाणाऱ्याच्या कानात तेव्हा उशिरा पडलेला आवाज कोण दुरुस्त करणार? म्हणून ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर) डायरेक्ट मॉनिटरिंग असतं: माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये. मला हा सेल-सिंकचाच वारसा वाटतो.

त्यामुळे निवड करताना मी आधी इंटरफेस पाहतो, त्याचा ड्रायव्हर (तो कॉम्प्युटरशी जोडणारं सॉफ्टवेअर) कमी बफरवर अडखळत नाही ना हे पाहतो, सॉफ्टवेअर नंतर. रीपर, आर्डर, क्यूबेस यांतलं काहीही घेतलं तरी घरच्या कामाला ट्रॅक पुरून उरतात. फरक बहुतेक हाताच्या सवयीचा. मोजायचे ते एकाच वेळी लागणारे इनपुट. एकटाच थरावर थर चढवणाऱ्याला चाळीस ट्रॅकच्या गाण्यालाही दोन पुरतात, फक्त कंडेन्सर माइक (ज्याला वीज लागते असा) असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारा, वीजपुरवठा हवा. ड्रमसेट माइक लावून घ्यायचा असेल तर मात्र चार ते आठ लागतात.