'स्नो डॉग्ज'ची पार्श्वभूमी: समीक्षकांनी झोडपला, पोरांनी चालवला

२००२ च्या जानेवारीत डिस्नेचा 'स्नो डॉग्ज' अमेरिकेत लागला तेव्हा त्याच्याबद्दल दोन तक्रारी झाल्या आणि गंमत म्हणजे दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. समीक्षक म्हणाले, पोरकट आहे, हिरो सारखा आपटतो नि किंचाळतो, ऑस्कर मिळालेल्या माणसाने हे असले उद्योग कशाला करावेत. आणि पिक्चर बघून बाहेर पडलेल्या पोरांचा सवाल एकच, कुत्रे बोलले का नाहीत? जाहिरातीत तर चांगले बोलत होते!

मी हा पिक्चर फार नंतर टीव्हीवर पाहिला, तोही अर्ध्यातून, त्यामुळे माझी फसवणूक झाली नाही. पण बॉक्स ऑफिसचे आकडे आणि रिव्ह्यू शेजारीशेजारी ठेवून पाहिले की डोकं चक्रावतं. चांगलं म्हणणारे समीक्षक जेमतेम पाव हिस्सा, आणि गल्ला मात्र एकट्या अमेरिका-कॅनडात ८ कोटी डॉलरच्या वर, जगभरात मिळून साधारण साडेअकरा कोटी. खर्च झालेला तेहतीस-पस्तीस लाख नव्हे, तेहतीस-पस्तीस दशलक्ष, म्हणजे साडेतीन कोटींच्या आतबाहेर. आता याला फ्लॉप म्हणायचं की हिट, तुम्हीच सांगा.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. टेड ब्रूक्स हा मायामीतला दाताचा डॉक्टर, दुकान जोरात, बसवर स्वतःची जाहिरात वगैरे. अचानक कळतं की आपण दत्तक आहोत, जन्मदात्री आई अलास्कात वारली आणि जाताना आपल्या नावावर काय ठेवून गेली तर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची फौज. (स्लेज म्हणजे तीच, भूगोलाच्या पुस्तकात टुंड्रा प्रदेशाच्या धड्यात इग्लूच्या बाजूला असायची ती बिनचाकी गाडी.) मग हा उन्हातला माणूस बर्फात जातो, कुत्रे त्याला फरफटवतात, थंडर जॅक नावाचा एक खवट म्हातारा त्याला पाण्यात बघतो, आणि तोच आपला बाप आहे हेही पुढे कळतं. क्यूबा गुडिंग ज्युनियर हिरो, जेम्स कोबर्न म्हातारा, दिग्दर्शक ब्रायन लेव्हंट, ज्यांनी आधी 'बेथोवन' नावाचा त्या भल्यामोठ्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचा पिक्चर केलेला, म्हणजे कुत्रा आणि चिखल आणि मोडलेलं सामान यात माणसाचा हात बसलेला होता.

आता ती बोलण्याची भानगड. अख्ख्या पिक्चरमध्ये कुत्रे बोलतात ते एकाच ठिकाणी, टेडला पडलेल्या स्वप्नात. समुद्रकिनारा आहे, कुत्रे आरामखुर्च्यांत पसरलेत आणि माणसासारख्या गप्पा हाणतायत, डीमन नावाच्या मुख्य कुत्र्याला जिम बेलुशीचा आवाज. स्वप्न संपलं की परत भुंकणं आणि चावणं. पण ट्रेलर कापणाऱ्यांनी बरोबर तेच उचललं आणि असं काही मांडलं की बघणाऱ्याला वाटावं बोलणाऱ्या कुत्र्यांचाच पिक्चर आहे. नमुना एक दाखवायचा आणि गोणीत दुसराच माल भरायचा, हे आपल्याकडे भाजीबाजारातही चालतं म्हणा.

पण ही युक्ती लागू का पडली हे बघायला आठ-नऊ वर्षं मागे जायला लागतं. १९९३ मध्ये डिस्नेनेच 'होमवर्ड बाउंड' काढला होता, त्यात दोन कुत्रे आणि एक मांजर, आवाज होते पण तोंडं हलत नव्हती, मनातलं ऐकू येतंय असं. मग १९९५ ला ऑस्ट्रेलियातून 'बेब' आला, डुकराचं पिल्लू आणि त्याच्या तोंडाची हालचाल कॉम्प्युटरने अशी बसवलेली की विश्वासच बसेना, त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तेही 'अपोलो १३'च्या नाकावर टिच्चून. तिथून रांगच लागली. १९९८ चा 'डॉक्टर डूलिटल', मग जुलै २००१ मध्ये वॉर्नर स्टुडिओचा 'कॅट्स अँड डॉग्ज', ज्यात कुत्री-मांजरं गुप्तहेर. म्हणजे 'स्नो डॉग्ज' यायच्या सहाच महिने आधी पोरांनी थिएटरात तोंड हलवून बोलणारे कुत्रे बघितलेले. अशा पोराला ट्रेलरमध्ये खुर्चीत बसून बोलणारा हस्की (स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची जात) दाखवला तर ते काय समजणार?

दुसरं म्हणजे तारीख. जानेवारी हा हॉलिवूडचा भाकड महिना, ऑस्करसाठीचे पिक्चर डिसेंबरात लागून गेलेले असतात आणि ज्यांच्यावर स्टुडिओचा भरवसा नाही ते माल जानेवारीत काढून टाकतात असा जुना रिवाज. पण याच महिन्यात तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी असते, १९८६ पासून पाळतात, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून एक दिवस शाळा बंद आणि बाहेर बऱ्याच ठिकाणी कडाक्याची थंडी. घरात पोरं डोकं खातायत. 'हॅरी पॉटर' आणि 'मॉन्स्टर्स इंक' नोव्हेंबरातच बघून झालेले. १८ जानेवारी २००२ च्या शुक्रवारी लहान मुलांसाठी नवं असं काय होतं तर हेच कुत्रे. त्याच शुक्रवारी 'ब्लॅक हॉक डाऊन' देशभर पसरला, सोमालियातली लढाई, रक्त, गोळ्या, आणि अकरा सप्टेंबरला जेमतेम चार महिने झालेले. तो पहिल्या नंबरवर राहिला. पण दुसऱ्या नंबरवर हे कुत्रे, सोमवार धरून चार दिवसांत जवळपास २ कोटी ३७ लाख डॉलर. बाप लढाई बघायला गेला आणि आई पोरांना घेऊन शेजारच्या स्क्रीनला, असं काहीसं चित्र मला तरी दिसतं, पुरावा मागू नका.

हे बाकीच्यांनी लगेच हेरलं. पुढच्याच वर्षी, २००३ ला, त्याच सुट्टीला वॉर्नरने 'कांगारू जॅक' लावला. त्यातला कांगारू किती वेळा बोलतो? एकदा. कशात? स्वप्नात! ट्रेलरमध्ये? भरपूर. आणि तो पहिल्या नंबरवर आला. नंतरही ही सुट्टी घरच्या मंडळींच्या पिक्चरसाठी राखीव असल्यासारखीच झाली, २००९ मध्ये तर 'पॉल ब्लार्ट' आणि 'हॉटेल फॉर डॉग्ज' एकाच शुक्रवारी आले.

असो, आता मला जास्त रस आहे त्या गोष्टीकडे येतो. श्रेयनामावलीत एक ओळ आहे, हा पिक्चर गॅरी पॉल्सन यांच्या 'विंटरडान्स' या पुस्तकावरून सुचला. पॉल्सन म्हणजे अमेरिकेतल्या शाळकरी पोरांचा फार आवडता लेखक, २०२१ मध्ये गेले. १९८३ मध्ये या माणसाने स्वतः अलास्कातली कुत्र्यांच्या स्लेजची इडिटारॉड शर्यत धावली, अँकरेज ते नोम, साधारण सोळाशे किलोमीटर, सतरा दिवस लागले, आणि ११ वर्षांनी त्यावर हे पुस्तक लिहिलं. दातांचा डॉक्टर नाही, मायामी नाही, दत्तक नाही, इस्टेट नाही. पण विनोद आहे, आणि तो पिक्चरपेक्षा कितीतरी भारी. मिनेसोटात घराजवळ बर्फ नसताना सराव कसा करायचा म्हणून गडी कुत्र्यांना सायकलला जुंपतो, मग जुन्या मोटारीच्या सांगाड्याला, रात्री अंधारात स्कंक नावाचे ते घाण वास मारणारे प्राणी अंगावर फवारे सोडतात, शर्यतीच्या पहिल्याच दिवशी कुत्रे चुकीच्या वळणाने शहरात घुसून लोकांच्या परसातून पळतात. आपटणं-फरफटणं पुस्तकातही आहेच. फरक एवढाच की तिथे आपटणारा माणूस हळूहळू कुत्र्यांसारखा व्हायला लागतो, त्यांच्यात झोपतो, घरच्यांपासून लांब जातो आणि हसताहसता वाचणाऱ्याला जरा भीतीच वाटते. पिक्चरने आपटणं ठेवलं आणि भीती काढून टाकली. समीक्षकांपैकी ज्यांना पुस्तक माहीत होतं ते जास्त चिडले असतील तर त्यात नवल नाही.

शर्यतीचंही तसंच. पिक्चरमध्ये तिचं नाव आर्क्टिक चॅलेंज, गावाचं नाव टोलकेटना. खरं गाव टॉकीटना, खरी शर्यत इडिटारॉड, आणि शूटिंग कॅनडात अल्बर्टातल्या कॅनमोरच्या बाजूला. खऱ्या शर्यतीमागे दोन गोष्टी आहेत. एक १९२५ ची, नोममध्ये घटसर्पाची साथ आली, विमान उडू शकत नव्हतं, तेव्हा २० गाडीवाल्यांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी हातोहात करत नेनानापासून ६७४ मैलांवर साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. शेवटच्या टप्प्यावर पुढे असलेला बाल्टो हा कुत्रा प्रसिद्ध झाला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा बसला, आणि सगळ्यात लांबचा, सगळ्यात धोक्याचा तुकडा ओढणारा टोगो मागे राहिला (त्याच्यावर डिस्नेनेच पिक्चर काढला, पण तो २०१९ ला!). दुसरी गोष्ट साधी आहे, १९६० च्या दशकात इंजिनवाल्या बर्फगाड्या आल्या, पेट्रोल टाका आणि चला, कुत्रे पोसायची कटकट नाही, त्यामुळे गावागावातून कुत्रे दिसेनासे व्हायला लागले. आपल्याकडे ट्रॅक्टर आला आणि गोठ्यातली बैलजोडी गेली, तेच. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाला हे बघवेना, त्याने खटपट करून १९७३ मध्ये नोमपर्यंतची शर्यत उभी केली. पहिला विजेता वीसेक दिवसांनी पोचला होता. आणि योगायोग बघा, 'स्नो डॉग्ज' थिएटरात असतानाच, मार्च २००२ मध्ये, मार्टिन ब्यूझर ९ दिवसांच्या आत पोचला, असं पहिल्यांदाच झालं.

कुत्रे जुंपणाऱ्या लोकांना पिक्चरमधलं काय खटकणार हे बघायला एकच फ्रेम पुरे. पडद्यावर निळ्या डोळ्यांचे, झुपकेदार शेपटीचे, शांपूच्या जाहिरातीतून आल्यासारखे सायबेरियन हस्की. खरी शर्यत जिंकणारे अलास्कन हस्की दिसायला अगदी सुमार, सडपातळ, लांब पायांचे, एकाचा कान उभा तर दुसऱ्याचा पडलेला, आपल्या गल्लीतल्या मोत्यासारखेच म्हणा ना. आणि कुत्र्यांना हाकताना 'मश' असं कोणी ओरडत नाही फारसं. निघायला 'हाइक', उजवीकडे 'जी', डावीकडे 'हॉ', बास. बाकी काम कुत्र्यांचं.

एक जागा मात्र मला मनापासून आवडली आणि ती समीक्षकांनी फार लक्षात घेतली नाही असं वाटतं. डीमन हा कुत्रा सगळ्यांवर गुरगुरतो, टेडला पहिल्यापासून छळतो. टेड त्याच्या कानाला चावूनसुद्धा बघतो, कोण साहेब ते कळावं म्हणून. शेवटी कळतं काय तर त्याची दाढ किडलीय, ठणका लागलाय. आणि समोर उभा आहे तो दातांचा डॉक्टर! पहिल्या सीनपासून जो धंदा नुसता मायामीचा चकचकीतपणा दाखवायला होता तो इथे उपयोगी पडतो. लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी डोक्यात ही गाठ नीट बांधलेली होती, मधला सगळा आरडाओरडा नंतर भरला असणार.

समीक्षकांचा सगळ्यात जास्त राग गुडिंगवर निघाला आणि त्याला कारण १९९७ ची ऑस्करची रात्र. 'जेरी मॅग्वायर'साठी सहायक अभिनेत्याचं पारितोषिक घेताना संगीत सुरू झालं तरी हा माणूस थांबेना, नाचत-उड्या मारत सगळ्यांना आय लव्ह यू म्हणत राहिला, लोक उभे राहिले. तोच उत्साह पाच वर्षांनी बर्फात पडताना दाखवला तर त्याला ओव्हरॲक्टिंग म्हणाले. त्यानंतर त्याचा 'बोट ट्रिप' आला, तो खरोखरच वाईट होता आणि चाललाही नाही, पण उतरती कळा कुठून लागली असं विचारलं की लोक बोट अजूनही या कुत्र्यांकडेच दाखवतात, जो त्याच्या चांगल्या कमाईच्या पिक्चरांपैकी एक. कोबर्नलाही ऑस्कर मिळालेलं, 'अफ्लिक्शन'साठी, पण त्याला कोणी फार बोललं नाही. म्हाताऱ्याला सूट असते. २००२ च्याच नोव्हेंबरात ते वारले.

चार वर्षांनी, २००६ ला, डिस्नेने परत हस्की घेतले, या वेळी गंभीर. 'एट बिलो', अंटार्क्टिकात मागे राहिलेल्या कुत्र्यांची गोष्ट, १९५८ मध्ये जपानी तुकडीचे पंधरा कुत्रे तिथे अडकले होते आणि वर्षभराने तारो आणि जिरो हे दोनच जिवंत सापडले, त्यावरच्या जपानी पिक्चरवरून केलेला. समीक्षकांनी बऱ्यापैकी कौतुक केलं, थिएटरात लोक रडले. आणि अमेरिकेतली कमाई? ८ कोटी १० लाखांच्या वर, म्हणजे 'स्नो डॉग्ज'इतकीच, थोडी इकडेतिकडे. एकाला शिव्या, एकाला ओव्या, गल्ला सारखाच.

पोरांची मागणी शेवटी पुरी झाली ती २००८ मध्ये. 'स्नो बडीज', डिस्नेचाच, पिल्लं अलास्कात जातात, स्लेज ओढतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलतात, कोणाच्या स्वप्नात नाही. त्यातल्या सेंट बर्नार्डचा आवाज परत जिम बेलुशी. तो थिएटरात लागलाच नाही, थेट डीव्हीडीवर आला, त्यामुळे समीक्षक त्याच्या वाट्याला फारसे गेले नाहीत. गाजला तो वेगळ्याच कारणाने, शूटिंगच्या वेळी फार लहान वयाची पिल्लं आणलेली आणि त्यातली पाच आजारपणाने दगावली.