धूर मागून पुढे कसा येतो? घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारच्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एसटीतून मागच्या बाकावरचा माणूस उतरतो तेव्हा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. गाडी पुढे चालली आहे, धूळ मागे उडते आहे, तरी ती आत येते. चालत्या गाडीच्या पाठीशी हवेचा दाब कमी होतो आणि तिथे भोवरे फिरत राहतात. त्या भोवऱ्यांत सापडलेली धूळ गाडीच्याच दिशेने ओढली जाते आणि मागची खिडकी उघडी मिळाली की आत शिरते. एसटीत धुळीचं जे होतं तेच इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात बांधलेल्या छोट्या, उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये एक्झॉस्टच्या धुराचं होतं. धूळ झटकता येते, धूर रक्तात जातो, एवढा फरक.

तक्रारीचं रूप बहुतेक वेळा सारखंच असतं. गाडी उभी असताना काही जाणवत नाही. वेग वाढला की कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, वास येऊ लागतो आणि तासाभराने डोकं धरतं. मालकाचा पहिला संशय गळतीवर जातो आणि तो चुकीचा नसतो. तो मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गास्केट बदलतो, फायरवॉलमधली (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यातली) वायरिंगची भोकं बुजवतो, गिअर लिव्हरखालचं रबर नवीन घालतो. पुष्कळदा एवढं करूनही वास तसाच राहतो, कारण धूर इंजिनाकडून आलेलाच नसतो. नळीच्या टोकातून रीतसर बाहेर पडलेला धूर गाडीने स्वतःच परत ओढून घेतलेला असतो. हे लक्षात यायला एवढा वेळ का लागतो, ते कळण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

सुरुवात गाडीपासून. १९२२ मध्ये बाजारात आलेली ऑस्टिन सेव्हन ही ब्रिटनमधली सामान्य माणसाची गाडी. तिच्या जुन्या सांगाड्यावर पत्र्याची हलकी बॉडी चढवून शर्यतीत उतरणारे हौशी लोक वाढत गेले आणि १९३९ मध्ये त्यांचा ‘७५० मोटर क्लब’ उभा राहिला. कॉलिन चॅपमन याच परंपरेतला. १९४८ मध्ये उत्तर लंडनमधल्या एका छोट्या गॅरेजात त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे त्याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली. ब्रिटनमध्ये १९४० पासून तयार गाडीवर खरेदीकर होता. सुटे भाग घेऊन गाडी स्वतः जोडली तर तो भरावा लागत नसे. त्यामुळे सेव्हन खोक्यांतून घरी येऊ लागली आणि जोडणारे हात मालकाचे असत.

ही गाडी नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्या आकारातच आहे. पुढे सपाट, जवळजवळ उभी काच. दारं नाहीत, असलीच तर कापडी. बसायची जागा जमिनीपासून वीतभर वर. शेपूट सरळ कापलेली, तिच्यावर बाहेर टांगलेलं स्टेपनीचं चाक. गाडी इतकी बुटकी की खालून जाड सायलेन्सर नेला तर तो रस्त्याला घासणार. म्हणून एक्झॉस्टची नळी इंजिनाच्या बाजूने बाहेर काढून कॉकपिटला समांतर नेली जाई आणि मागच्या चाकाच्या अलीकडेच संपे. वजन कमी, खर्च कमी, दुरुस्ती सोपी. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. ज्या माणसाला प्रत्येक किलो वाचवायचा होता त्याने लांब नळी टाळली, एवढंच.

१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये खरेदीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क सरे परगण्यातल्या कॅटरहॅम कंपनीकडे गेले. घरी बांधण्याची हौस मात्र कराबरोबर संपली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्लिश शिक्षकाने अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे पुस्तकातून दाखवलं. चौकोनी लोखंडी नळ्या आणि भंगारात निघालेली फोर्ड एस्कॉर्ट एवढ्यावर सेव्हनच्या वळणाची गाडी उभी राहू लागली. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नाव पडलं. कारखाना शंभर गाड्या एकसारख्या काढतो, त्यामुळे एका गाडीत सापडलेला दोष सगळ्यांत सुधारता येतो. घरी बांधलेली प्रत्येक गाडी पहिलाच नमुना असते. इंजिन कुठलं, नळी डावीकडून की उजवीकडून, काच किती उंच, हे सगळं मालकाचं. एकाला लागू पडलेला उपाय शेजाऱ्याला लागू पडेलच असं नाही.

आता धुराकडे. पेट्रोलच्या धुरातला खरा वैरी कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला जाणवतो तो न जळलेल्या इंधनाचा आणि इतर घटकांचा वास. म्हणून वास येणं ही एका अर्थाने मेहेरबानीच समजायची. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने १८५० च्या दशकात दाखवलं. हिमोग्लोबिनवरची त्याची पकड प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश संशोधकाने तो स्वतः श्वासात घेऊन आपल्यावर काय परिणाम होतो याच्या नोंदी केल्या आणि १८९५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यावर बहुतेक कामगार स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या या वायूने मरतात, हेही त्यानेच दाखवून दिलं. खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्यावेत ही सूचना त्याचीच. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. (याच हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.)

मोटारीच्या धुराशी या ज्ञानाची गाठ पडली ती न्यूयॉर्कमध्ये. हडसन नदीखालून मोटारींसाठी हॉलंड बोगदा खणायचा होता. आत हजारो गाड्या धूर सोडणार, मग माणसं जगणार कशी? येल विद्यापीठाच्या यँडेल हेंडरसन यांनी माणसांवर प्रयोग करून थोड्या वेळासाठी हवेच्या दहा हजार भागांत चार भाग ही मर्यादा काढली. त्या हिशेबाने ८४ पंख्यांची योजना झाली. सगळी हवा दर दीड मिनिटाला बदलेल अशी व्यवस्था करून १९२७ मध्ये बोगदा उघडला. आज अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी कायद्याची मर्यादा दशलक्ष भागांत ५० आहे. हेंडरसन यांचे दहा हजारांतले चार म्हणजे दशलक्षात ४००. तीही थोड्या वेळासाठी ठरवलेली मर्यादा. उघड्या गाडीत तासन्‌तास प्रवास करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. साध्या हवेत श्वास घेऊन हा वायू रक्तातून निम्म्यावर यायलाही चार-पाच तास लागतात. सकाळच्या फेरीत घेतलेला धूर दुपारच्या फेरीतही अंगात असतो.

राहिला हवेचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात दुर्लक्षित. उघड्या गाडीत केस मागे उडतात असं चित्रांत दिसतं. प्रत्यक्षात ते मानेकडून चेहऱ्यावर येतात. हवा काचेच्या वरच्या कडेवरून सुटते, डोक्यांवरून मागे निघून जाते आणि काचेमागे कमी दाबाचा एक खड्डा राहतो. तो भरायला हवा मागून येते, डिकीच्या अंगाने, सीटांच्या मधून. सेव्हनसारख्या गाडीत शेपटीमागचे भोवरे आणि काचेमागचा हा खड्डा यांत हाताच्या अंतराइतकंच अंतर असतं. मागच्या चाकाअलीकडे सोडलेला धूर फिरत्या चाकाने ढवळला जातो, शेपटीमागच्या भोवऱ्यात जातो आणि तिथून माणसांच्या मानेवर येतो. पावसात कापडी छत चढवलं की आणखी बिघडतं. बाजूंच्या फटींतून हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा घ्यायला मागचीच फट उरते.

मोठ्या कंपन्यांनाही हे सहज उमगलं नाही. अमेरिकन स्टेशन वॅगनच्या पुस्तिकांत मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवू नका असा इशारा असे. अजूनही हॅचबॅकच्या पुस्तिकांत तो सापडतो. सोबत सल्ला असतो की नाइलाज असेल तर खिडक्या बंद करा आणि पंखा बाहेरची हवा आत घेईल असा लावा. उघड्या गाडीतला उलटा वारा मर्सिडीजने १९८९ च्या एसएल गाडीत सीटांमागे जाळीचा पडदा उभा करून आवरला. जाळी का? सपाट पत्रा लावला तर त्याच्यामागे नवा भोवरा होतो. जाळी थोडी हवा जाऊ देते आणि जोर मोडते. आज लोकॉस्टवाले हाच पडदा घरच्या पत्र्याला भोकं पाडून करतात.

दुसरीकडे गळतीचा धोकाही खराच आहे. शेवरलेच्या कॉर्वेअरमध्ये इंजिनाभोवतीची गरम हवा थेट आतल्या हीटरला दिली जाई. सील झिजले की धूरही त्याच वाटेने येई. याबद्दल जनरल मोटर्सला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मालकांना इशारा द्यावा लागला. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींत रिक मास्ट या चालकाची कारकीर्द २००२ मध्ये आजारपणाने थांबली आणि निदान निघालं ते वर्षानुवर्षं साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचं. व्यावसायिक चालक, भोवती निष्णात मेकॅनिक, आणि तरीही. घरच्या गॅरेजात एकट्याने गाडी बांधणाऱ्याला ‘डोकं दुखतंय, उन्हामुळे असेल’ असं वाटलं तर त्याला कोण नावं ठेवणार?

गाडी, धूर आणि हवा या तिन्ही धाग्यांतून हळूहळू एक क्रम बसत गेला. आधी गळती. थंड इंजिन सुरू करून जोडांजवळ उदबत्ती धरली की धुराची रेघ थरथरते आणि फुंकर कुठून येते ते कळतं. नळ्यांच्या जोडांवरचे फ्लँज, मॅनिफोल्डची तडा गेलेली वेल्डिंग, फायरवॉलमधली भोकं, हँडब्रेकची खाच, डिकीचा तळ हे सगळं एकेक करून बंद करायचं. पुढे हवेची पाहणी. विमानवाल्यांची जुनी युक्ती म्हणजे लोकरीच्या धाग्यांचे तुकडे चिकटपट्टीने गाडीच्या अंगभर लावायचे. लोटसच्या १९५० च्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांना आकार देणारा फ्रँक कॉस्टिन हा द हॅविलँड विमान कंपनीतूनच आला होता. शेजारून दुसऱ्या गाडीतून फोटो काढले की शेपटीवरचे धागे पुढे तोंड करून उभे दिसतात आणि मालकाला पहिल्यांदा पटतं की हवा उलटी वाहते आहे. त्यानंतर नळी. टोक शेपटीच्या कडेच्या पलीकडे न्यायचं, किंवा बाजूलाच ठेवायचं असेल तर गाडीपासून बाहेर आणि खाली वळवायचं, म्हणजे धूर भोवऱ्यात सापडण्याआधीच दूर फेकला जातो. कधी दहा-पंधरा सेंटिमीटर नळी वाढवून काम होतं. शेवटी दाब. पुढून ताजी हवा आत येईल अशी वाट ठेवायची, म्हणजे मागून ओढ कमी होते.

गाडी चालवताना कार्बन मोनॉक्साइडचं बॅटरीवरचं मीटर डॅशबोर्डवर ठेवावं, असं मी आग्रहाने म्हणेन. कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देत असेल तर धुरात या वायूचं प्रमाण कित्येक टक्क्यांवर जातं. एक्झॉस्टमध्ये बसवलेला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते खूप कमी करतो, पण तो तापेपर्यंत त्याचा उपयोग नसतो.

आपल्याकडे गाडी स्वतः बांधून रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. पण पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं स्पर्धेसाठी एका सीटची गाडी बांधतात, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यासमोर नियम म्हणून येतो. १९८१ पासून अमेरिकेत चालत आलेल्या फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नियमावलीत, आणि तिच्यावर बेतलेल्या आपल्याकडच्या स्पर्धांत, एक वाक्य आहे: एक्झॉस्टचं तोंड असं ठेवा की गाडीमागचा हवेचा ओढा धरूनही कोणत्याही वेगात चालकाला धूर लागणार नाही. त्याच नियमात तोंड मागच्या आसापासून ४५ सेंटिमीटरपेक्षा मागे आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटरपेक्षा वर नको असंही आहे. म्हणजे नळी वाटेल तितकी मागे नेऊन सुटका नाही. त्या ४५ सेंटिमीटरच्या आतच मुलांना टोकाचा कोन शोधावा लागतो.