एकट्यानं बोट हाकायची तर पहारा कोण देणार?

मराठवाड्यात समुद्र नाही, पण नाथसागरावर वारं सुटलं की पाणी कसं खवळतं ते पैठणकडच्यांना सांगायला नको, त्यामुळं वारा, लाटा, बोट उलटणं हे सगळं सोडून देतो. शिडाच्या बोटीतून एकट्यानं समुद्र ओलांडायचा तर खरा लोचा झोपेचा आहे.

एकट्यानं पहिली पृथ्वीप्रदक्षिणा झाली १८९५ ते १८९८ मध्ये, थांबत थांबत. त्या बोटीचं सुकाणू बांधून ठेवलं तरी ती नीट दिशा धरायची, मग गडी खुशाल खाली झोपायचा. १९६० ला एकट्यांची अटलांटिक रेस झाली आणि वाऱ्यावर चालणारं सुकाणू गाजलं. १९६८-६९ च्या विनाथांबा प्रदक्षिणेच्या रेसला नऊजण निघाले, पोचला एकच, आणि त्याची ३२ फुटी बोट सुहेली आपल्या मुंबईत सागवानाची बांधलेली!

मग आला १९७२ चा टक्कर टाळायचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झाला १९७७ ला. त्यातला नियम ५ म्हणतो की प्रत्येक जहाजानं सतत, डोळ्यांनी आणि कानांनी, नीट पहारा ठेवलाच पाहिजे. लहान बोटीला सूट नाही, एकट्या माणसालाही नाही. आता महिनोन्‌महिने एकटा असलेला माणूस सतत जागा राहणार कसा? म्हणजे लांबचा एकट्याचा प्रवास निघाला की हा नियम मोडणार हे ठरलेलंच, तरी रेसा भरतात, विक्रम नोंदतात, सत्कारही होतात. समर्थक म्हणतात की वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतल्या की भागतं, पण क्षितिजावर दिसायला लागलेलं मोठं जहाज तेवढ्याच वेळात अंगावर येऊ शकतं. मला तर हा सरळसरळ कानाडोळा वाटतो, धाडसाबद्दल कितीही आदर असला तरी.

आपल्याकडं एकट्याचा समुद्रप्रवास गाजला तो नौदलामुळं. २००९-१० ला एका अधिकाऱ्यानं चार थांबे घेत प्रदक्षिणा केली, २०१२-१३ ला दुसऱ्यानं विनाथांबा. तोच दुसरा २०१८ ला एकट्यांच्या प्रदक्षिणेच्या रेसमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात पाठीला जबर मार लागून पडून राहिला, फ्रेंच जहाजानं सोडवला, आणि चार-पाच वर्षांत पुन्हा त्याच रेसला उतरून दुसरा आला. २०२४-२५ ला दोघी अधिकारी मिळून गेल्या, तिथं निदान आळीपाळीनं पहारा तरी देता येतो.

आता एआयएस आहे, म्हणजे जहाजांनी आपली जागा रेडिओवरून कळवायची यंत्रणा, जवळ जहाज आलं की अलार्म वाजतो. पण तो फक्त सिग्नल सोडणाऱ्या जहाजांसाठी, साध्या लाकडी मच्छीमार होडीकडं तो नसेल तर काहीच वाजत नाही. म्हणून एकटे लोक किनाऱ्याजवळ शक्यतो झोपत नाहीत, आधी खोल समुद्र गाठतात.