पायलट (छोटा चाचणी-प्रयोग) यशस्वी म्हणजे योजना टिकली?

गरीब देशांत मोबाइल-आरोग्य योजना, म्हणजे मोबाइलवरून आरोग्यसेवा किंवा माहिती देणाऱ्या योजना, बंद पडतात त्या तिथल्या लोकांना तंत्रज्ञान जमत नाही म्हणून, हा समज चुकीचा आहे. साधा एसएमएस कोट्यवधी लोक सहज वापरतात. अडतं ते देणगीदाराचा निधी संपल्यावर. संदेशांचं बिल, सर्व्हरची देखभाल, नव्या परिचारिकांचं प्रशिक्षण हा दर महिन्याचा खर्च असतो आणि तो कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. युगांडात असे सुटे प्रयोग इतके वाढले, की २०१२मध्ये आरोग्य मंत्रालयाला नव्या प्रयोगांवर स्थगिती आणावी लागली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. याउलट गरोदर महिलांना फोनवर आरोग्याचे संदेश पाठवणारं दक्षिण आफ्रिकेचं ‘मॉमकनेक्ट’ २०१४मध्ये सरकारी आरोग्य खात्यानेच सुरू केलं. गरोदर महिलेची नोंदणी सरकारी दवाखान्यातच, साध्या फोनवरूनही होते आणि संदेशांचा खर्च तिच्यावर पडत नाही.